दागोबेर्तोचं डिझेल

"मिग्डालिया, चादरी ओढ. बैल वळतोय."

समोरच्या बाल्कनीतून ओर्तेन्सियाने आवाज दिला तेव्हा माझ्या दातांत चिमटे होते आणि हातात कुणाच्या तरी लग्नाच्या टेबलावरचं पांढरं कापड. खाली कोपऱ्यापलीकडे भोंगा वाजला होता, एक लांब, एक तोकडा. मी चिमटे थुंकले आणि दोरी ओढायला लागले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना कप्प्या किरकिरल्या. चादरी, बनियन, शाळेचे गणवेश, सगळं एका दमात घरात गेलं.

मग तो आला. आधी आवाज, मग शेवरले गाडीचं निळं नाक, आणि मागून धूर. तो धूर गाडीच्या मागे येत नसे, गाडीच त्याच्यातून बाहेर पडल्यासारखी वाटे. लुयानोच्या आमच्या गल्लीत दागोबेर्तोइतका सभ्य ड्रायव्हर दुसरा नव्हता. धूर सगळेच सोडत, पण आधी कळवून सोडणारा तो एकटा.

गाडी त्याच्या बापाची. कधीकाळी तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि ती मांजरासारखी चालायची, असं म्हातारे सांगतात. नव्वदच्या दशकातल्या हलाखीत पेट्रोल दिसेनासं झालं, तेव्हा बापाने ते इंजिन उपटलं आणि उसाच्या मळ्यावरच्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन तिच्या पोटात बसवलं. त्यासाठी पुढचा पत्रा कापावा लागला, रेडिओ काढावा लागला, आणि घरातला पाळणा मोडून त्याच्या लोखंडाची बैठक करावी लागली. ते इंजिन म्हणजेच बैल. खायला कमी, ओढायला भरपूर. डिझेल कुठून येतं हे विचारायचं नसे. पंपावरून येत नसे, एवढं मला माहीत आहे.

माझा धंदा धुण्याचा आणि इस्त्रीचा. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंडावर फेकायला नको. दागोचा धूर माझा भागीदार होता. ज्या घरची चादर आठवडाभर टिकायची, ती चार दिवसांत माझ्याकडे यायची. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा फायदा नव्हता, आणि तरीही मी मध्ये पडले. हे माझ्या जमेच्या बाजूला लिहून घ्यायला हरकत नाही.

भोंगा वाजला की एकच खिडकी धडकन बंद व्हायची. माझ्या वरची, तिसऱ्या मजल्यावरची, नेरेइदाबाईंची. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. अर्ध्या गल्लीला खंड आणि महासागर त्यांनीच पाठ करून घेतलेले, दागोच्या मुलीलाही. बाईंना दमा होता. रोज सकाळी त्या खिडकीची चौकट पांढऱ्या फडक्याने पुसत आणि ते फडकं माझ्याकडे पाठवत. त्यावरची काजळी बघून बैलाची तब्येत कळायची.

आणि याच बाईंवर दागोचा जीव जडला होता.

दोघंही साठीच्या पुढची. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बाईंचा नवरा गेला नव्हता, निघून गेला होता, ते वेगळं. बाई जिने फार उतरत नसत, म्हणून टोपली दोरीने खाली सोडत. पाववाला तिच्यात पाव टाकी. दागो संध्याकाळी मालांगाचे कंद टाकी, कधी आंबा, कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जास्वंद. टोपली माझ्या बाल्कनीसमोरून वर जायची, म्हणजे एका परीने ते सगळं माझ्या साक्षीनेच चाललं होतं.

एका संध्याकाळी त्याने खालून विचारलंच.

"बाई, मी विचारलेलं त्याचं काय झालं?"

"कशाचं?" बाई वरून म्हणाल्या. सगळ्या बाल्कन्या गप्प झाल्या होत्या.

"आता सगळ्या गल्लीत परत बोलायचं का?"

"गल्लीला माहीत आहे, दागोबेर्तो. तुम्ही विचारायच्या आधीपासून माहीत आहे."

"मग उत्तर तरी सांगा."

बाईंनी टोपलीची दोरी कठड्याला गुंडाळली. "माझं हो आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या फुफ्फुसांचं नाही. त्यांच्याशी तुम्ही बोला."

ओर्तेन्सिया हसली. दागो हसला नाही. गाडीच्या टपावर हात ठेवून तो उभा राहिला. घोडेवाला घोड्याजवळ उभा राहतो तसा.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे पोचवायला मी त्याच्याच भाड्याच्या गाडीने शहरात पलीकडे, वेदादोला निघाले. पुढच्या सीटवर इदालमिस होती, हवामान खात्यात काम करणारी पोरगी, रोजचं गिऱ्हाईक. मागे माझ्या शेजारी एक जाडा माणूस तळहातावर मेरेंगचा, अंड्याच्या पांढऱ्या फेसाचा केक घेऊन बसला होता, वाढदिवसाचा, उघडाच.

"दार हळू लावा," दागो त्याला म्हणाला. "ते तुमच्या घरातल्या फ्रीजचं नाही."

गाडी चढाला लागली. थोड्या वेळाने जाडा म्हणाला, "काका, तुमच्या गाडीनं माझ्या केकवर मिरपूड टाकली."

"फुकट टाकली. काच वर करा."

"काच आहे कुठे?"

"मग हात धरा वर."

"एक हात केकला आहे, दुसऱ्यानं मी स्वतःला धरलंय."

मी त्या केकवर इस्त्रीचा एक रुमाल धरला. त्या रुमालाचं पुढे काय झालं ते मालकिणीला मी वेगळं सांगितलं.

"इदालमिस, तू शिकलेली आहेस," दागो आरशात न बघता म्हणाला. "मला सांग, पेट्रोल चांगलं की डिझेल?"

"कशासाठी चांगलं?"

"हवेसाठी."

"कुठल्या हवेसाठी?"

"आता हवा किती प्रकारची असते?"

पोरगी मागे वळली. तिला हे सांगायला आवडतं, हे मला माहीत आहे. तिची आईही असंच प्रत्येक गोष्टीला दोन फांद्या फोडून सांगते. "हे बघा काका. तेवढ्याच रस्त्याला पेट्रोल जास्त लागतं. जास्त जळतं, म्हणून वरच्या हवेत कार्बनही जास्त जातो. त्यानं समुद्र तापतो, वादळं माजतात. डिझेल कमी लागतं. त्या बाबतीत डिझेल बरं."

"ऐकलं का सगळ्यांनी?" दागोने स्टिअरिंगवर थाप मारली. "मी समुद्र थंड ठेवतोय. आणि लोक मला चादरी दाखवतात."

"थांबा, पुढचं ऐका. काजळी डिझेलची. ती वर जात नाही, इथंच राहते. आणि मी नवीन, नीट डिझेलबद्दल बोलतेय. तुमचं इंजिन म्हणजे..."

"बैल आहे."

"बैल बरा. बैल टाकतो ते खाली पडतं."

जाडा इतका हसला की केक हलला. मी म्हटलं, "म्हणजे पेट्रोल लांबच्यांचं वाटोळं करतं आणि डिझेल शेजाऱ्यांचं."

"साधारण तसंच, मावशी."

सगळे आपापल्या ठिकाणी उतरले. इदालमिस उतरायला लागली तेव्हा दागो हळूच म्हणाला, "ती काजळी छातीत बसते म्हणतात. मग निघते कधी?"

पोरगीने दार लावता लावता त्याच्याकडे बघितलं. तिलाही गल्ली माहीत होती. "जी खोल जाते ती निघत नाही, काका," ती म्हणाली, आणि दार अगदी हळू लावलं.

दागोने हा प्रश्न लगेच आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. आमच्याकडे कुठलीही अडचण आली की आधी पाइप शोधतात. धूर खालून येतो म्हणून बाईंना त्रास होतो, असं त्याने ठरवलं. मग तो वरच सोडला तर? रविवारभर तो गाडीखाली झोपून ठोकत होता. एका जुन्या बोटीचा पाइप आणून, गाडीच्या मागून उभा करून, टपाच्या वर चांगला हातभर काढला. वरती पत्र्याची टोपी. गाडी बंदरातून चुकून गल्लीत आलेल्या जहाजासारखी दिसायला लागली.

"कशी आहे?" त्याने मला विचारलं.

"टोपी छान आहे," मी म्हटलं.

"आता धूर सरळ आकाशात."

आकाश आणि गाडीचा टप यांच्यामध्ये आमच्या गल्लीत तीन मजले आहेत. ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, त्यालाही सुचली नाही. आणि भूगोल शिकवणाऱ्या बाईंना कोणी विचारलं नाही. सोमवारी सकाळी भोंगा वाजला, बाल्कन्या रिकाम्या झाल्या, बाईंची खिडकी बंद झाली. पण बाईंच्या न्हाणीघरावर एक झरोका होता, त्याला झडप नव्हती. बैलाने नेमका त्याच्याखालीच श्वास सोडला.

वरून खोकला ऐकू आला, मग भांडं पडल्याचा आवाज. मी धावत वर गेले. बाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात दम्याचा फवारा होता आणि तो दाबायचं बळ नव्हतं. मी दाबला. खाली दागोने गाडी बंद केली होती. जिने चढून तो दारात येऊन उभा राहिला, आणि काय करावं न कळून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

दवाखान्यात न्यायला गाडी एकच होती आणि तिच्यातून नेणं शक्य नव्हतं. शेवटी बाईंना खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून पायी नेलं, आणि दागो पुढे चालत रस्ता मोकळा करत होता. "बाजूला व्हा, बाजूला व्हा." दवाखान्यात त्यांना वाफ दिली. दुपारपर्यंत रंग परत आला. दागो बाहेर बाकावर बसला होता.

बाई परत आल्या आणि त्या संध्याकाळी टोपली खाली आली नाही. दोन दिवसांनी मला त्यांनी बोलावलं, पांढरी फडकी सगळी एकदम दिली आणि म्हणाल्या, "ही स्वच्छ करून दे, बरोबर न्यायची आहेत. महिनाअखेरीला मी सिएनफुएगोसला बहिणीकडे जाते आहे. तिथे खाडीचा वारा आहे."

"कायमच्या?"

"या वयात कायमचं म्हणजे काही फार मोठं नसतं, मिग्डालिया."

"आणि दागो?"

"दागोबेर्तो चांगला माणूस आहे." बाई खिडकीकडे बघत होत्या. "मी त्याला गाडी सोड म्हणणार नाही. तीस वर्षं त्याचं पोट तिच्यावर चाललंय. असं मागणारी बाई मला स्वतःलाच आवडणार नाही."

मी खाली आले. दागो पायरीवर बसून पत्र्याची टोपी उलटीसुलटी करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. हे काम माझं नव्हतं, पण टोपली बंद झाली होती आणि निरोप कोणीतरी पोचवायलाच हवा होता.

"बैल गेला तर मी काय करणार?" तो म्हणाला. "पेट्रोलवर भाड्याची गाडी चालत नाही, तुला माहीत आहे. रांगेतच दिवस जातो."

"माहीत आहे."

"बापानं बसवलाय तो."

"बापानं पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून बसवला. तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं, बायको हवी की इंजिन."

"तुझं काय जातंय बोलायला?"

"माझं निम्मं धुणं जातंय," मी म्हटलं. "म्हणून तर तू माझं ऐक."

त्याने पत्र्याची टोपी पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "रेग्लाला येशील? तुला भाव करता येतो."

रेग्लाला खाडीपलीकडे फेर्मिन नावाचा एक माणूस ट्रकमधून डुकरं आणि माणसं वाहतो, दोन्ही एकाच भावात. त्याच्या शेडमध्ये रशियन गाडीचं एक पेट्रोल इंजिन ताडपत्रीखाली पडून होतं. ट्रकसाठी तो कधीचा डिझेल शोधत होता. आम्ही पोचलो तेव्हा फेर्मिन आधी बैलाचा आवाज ऐकत उभा राहिला. मग त्याने मागे जाऊन धूर हुंगला, तेल बघितलं, कान लावला.

"उत्तम आहे," तो म्हणाला. "मग देतोस कशाला?"

"अदलाबदली करायची आहे."

"डिझेल देऊन पेट्रोल?" फेर्मिन मागे सरकला. "या शहरात असं कोणी करत नाही. खोट काय आहे त्याच्यात?"

"खोट नाही."

"चोरीचं आहे?"

"बापाचं आहे."

"मग तुला कोणी शाप दिलाय का?"

"अहो, खोट इंजिनात नाही," मी मध्ये पडले. "या माणसाला लग्न करायचंय, आणि बाईंना बैल चालत नाही."

फेर्मिनने दागोकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग ताडपत्री ओढून काढली. "आधी सांगायचं ना. मी उगाच तुला ठग समजलो." पेट्रोलच्या इंजिनाबरोबर त्याने नवीन कार्ब्युरेटर दिला, एक कोकरू देऊ केलं, ते मी घेऊ दिलं नाही, आणि बसवायला दोन दिवस हाताखाली राबला. बैल साखळीने वर उचलला तेव्हा दागो त्याच्याखाली उभा होता. "हळू," तो म्हणत होता. "हळू घ्या." ट्रकमध्ये बैल पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा मात्र तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

महिना संपायला थोडेच दिवस होते. मी बाईंकडे त्यांची फडकी परत करायला गेले होते. बॅग पलंगावर उघडी होती. खाली गल्लीत काहीतरी हललं. भोंगा नाही, धडधड नाही. चादरी दोऱ्यांवर तशाच लोंबत होत्या, आणि त्यांच्याखालून शेवरले आली, उभ्या पाइपाशिवाय, टोपीशिवाय, आणि दारापुढे थांबली. ओर्तेन्सियाने बाल्कनीतून डोकं काढलं. "कोण आलं गं?" तिने विचारलं. तिने गाडी ओळखली नव्हती.

"बाई," दागोने हाक मारली. "टोपली सोडा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फडक्यांच्या घड्या घालत राहिले. टोपली खाली गेली आणि वर आली. तिच्यात एक पांढरा रुमाल होता, मधोमध भुरकट डाग.

"हे काय?"

"रेग्लापासून लुयानोपर्यंत, परत येताना मागच्या पाइपावर बांधला होता," तो खालून म्हणाला. "तपासा."

बाईंनी रुमाल खिडकीच्या उजेडात धरला. उलटा केला. वास घेतला आणि नाक मुरडलं. पण खोकल्या नाहीत. मग आत गेल्या. खाली दागो वाट बघत होता. गल्ली वाट बघत होती. ओर्तेन्सियाच्या कडेवरचा मुलगा रडायला लागला आणि तिने त्याला गप्प केलं. मी बाईंच्या मागे आत बघायला गेले. बाई पलंगाच्या कडेला बसून बूट घालत होत्या.

जिने त्या एकट्याच उतरल्या, कठडा धरून. दागोने पुढचं दार उघडलं.

"बैल कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"रेग्लाला. डुकरं ओढतोय."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे, बाई."

"इदालमिस सांगत होती, पेट्रोलनं समुद्र तापतो म्हणून. मी भूगोल शिकवला आहे, मला ते माहीत आहे. त्याचं काय करणार?"

"समुद्राला सांगा, रांगेत थांब," दागो म्हणाला. "आधी तुमचं बघू."

"आता तरी बाई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"गाडी चालवा," त्या म्हणाल्या. "वाटेत सुचेल."

ते समुद्रकाठच्या कोहीमारला गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. काय सुचलं ते मला कळलं नाही. तेवढं एकच त्या दिवसाचं मला माहीत नाही.

लग्न साधं झालं. केक त्या जाड्याच्या बायकोने केला, झाकून आणला. बाईंनी बॅग उघडून कपडे परत लावले, फक्त जिने उतरून, खालच्या दागोच्या खोल्यांत. माझं धुणं खरोखरच कमी झालं. चादरी आता दोन-दोन आठवडे पांढऱ्या राहतात. तेवढा आहेर मी या लग्नात घातला, असं मी सगळ्यांना ऐकवते आणि कोणी नाही म्हणत नाही.

गाडी भाड्यावर चालली नाही, जसं दागोने पायरीवर सांगितलं होतं तसंच झालं. ती आता कुणा मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाची मिरवणूक असली की निघते, किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की. बाकी दिवस ती दारात पुसलेली उभी असते. दागो सकाळी पार्केला जातो, जिथून भाड्याच्या गाड्या सुटतात. तिथे तो आता गाड्या भरून देतो. "वेदादो, वेदादो, एक जागा, एक जागा, बाई तुम्ही पुढे बसा." त्याचा आवाज चांगला आहे आणि ड्रायव्हर त्याला मानतात. दिवसभर डझनभर बैल त्याच्याभोवती धडधडत उभे असतात.

संध्याकाळी तो त्यातल्याच एखाद्या गाडीतून परत येतो. मागच्या आठवड्यात मी मागच्या गल्लीत एका घरी पडदे द्यायला गेले होते, तेव्हा तिथल्या खिडकीतून तो मला दिसला. गाडी आमच्या कोपऱ्यापर्यंत जाणार होती, पण त्याने एक गल्ली अलीकडेच थांबवायला सांगितलं. ड्रायव्हर काही बोलला नाही, म्हणजे हे रोजचंच असावं. गाडी गेली. दागोने रिकाम्या प्लॉटजवळ, जिथे वारा लागतो, शर्टाची बटणं सोडली. शर्ट काढला, दोन्ही हातांनी तीन-चारदा जोरात झटकला आणि कुंपणाच्या तारेवर टाकून बनियनवर उभा राहिला. तोंडावरून आणि मिशांवरून हात फिरवला. बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून तो तसाच थांबला. मी पडद्याआड उभी होते, त्याने बघितलं नाही.

मग त्याने शर्ट उचलून नाकाशी धरला, अंगात घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं, आणि घराकडे चालत निघाला.